नाव आणि आवाज आधी लिहून घे

तुझा मेसेज दोनदा वाचला. तू कागलकडची, वय २४, मॅटवर राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचलेली, रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी. एका अमेरिकन रेसलिंग कंपनीच्या चाचणीत निवड झाली, ट्रेनिंगला ऑरलँडोला बोलावलंय. वस्ताद म्हणतात, "तिथं तुला साडी नेसवून नाचवतील, कुस्ती राहील बाजूला." आणि तू विचारतेस, ताई, तुम्ही जपानी रेसलरांबरोबर वावरता, त्यांना तिथं खरंच कसं वागवतात? त्यांचं जे झालं तेच माझं होईल का?

मी मूळची कराडची. पुण्यात जपानी शिकले, ओसाकात चार वर्षं दुभाषी होते, मग फ्लोरिडाला आले. इथल्या छोट्यामोठ्या शोसाठी जपानहून मुली येतात, त्यांच्यासाठी मी दुभाषाचं काम करते. त्यामुळे जे सांगते ते थोडं डोळ्यांनी पाहिलेलं, थोडं या धंद्यात सगळ्यांना माहीत असलेलं.

आधी एक प्रसंग सांगते. कंपनीचं नाव सांगत नाही. शनिवारचा शो, एका शाळेच्या जिममागची खोली, बर्फाच्या पिशव्या आणि स्प्रेचा वास. माझ्याबरोबरची मुलगी २२ वर्षांची, पण जपानमध्ये सोळाव्या वर्षापासून रिंगमध्ये उतरलेली. इथं आल्यापासून सहा महिने ती गाडीत बसल्या बसल्या इंग्रजी वाक्यं घोकत होती. वहीत काताकाना लिपीत लिहून ठेवलेली. 'थ'चा 'स' व्हायचा म्हणून जीभ दातांत धरून गाडीच्या आरशात बघायची. त्या दिवशी पहिल्यांदा माईक मिळणार होता. इथं कोण जिंकणार, कोण काय बोलणार हे आधीच लिहिलेलं असतं. तो शो लिहिणारा माणूस आला आणि कागद हातात दिला. तीन ओळी, मुद्दाम मोडकं इंग्रजी, क्रियापदं गाळलेली, शेवटी सुशीवर विनोद. तिने वाचलं, कागदाची घडी घातली, मनगटाच्या टेपच्या डब्यात ठेवली आणि म्हणाली, "वाकारिमाश्ता." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "समजलं म्हणतेय." तो खूश होऊन गेला, तिला चालतंय म्हणून.

पण त्या शब्दाचा अर्थ 'तुम्ही काय म्हणताय ते कळलं' एवढाच होता. होकार त्यात नव्हता. हे मी तिथंच सांगायला हवं होतं. दुभाषाने मधे पडू नये असं शिकले होते, म्हणून गप्प बसले. तिने त्या ओळी म्हटल्या, लोक हसले. परतताना ती वही तिने मागच्या सीटवर टाकली, त्यानंतर माझ्यासमोर कधी उघडली नाही. मॅच मात्र तिने अशी काढली की त्याच लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे बघ. जपानी रेसलरच्या अंगातल्या कलेला अमेरिकेने नेहमी मान दिला. आवाज मात्र काढून घेतला.

हे आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या रिंगमधला 'जपानी' म्हणजे पाठीमागून वार करणारा, डोळ्यांत मीठ फेकणारा व्हिलन. तो जपानी असायचाच असं नाही. मिस्टर फुजी हवाईत जन्मलेला. १९९३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीचा, चॅम्पियन झालेला योकोझुना सामोअन घराण्यातला, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला. त्याला सुमोचा पेहराव, जपानचा झेंडा आणि शेजारी तोच फुजी दिला होता. उलट खरोखरचा जपानी माणूस जिंकला तेव्हा काय झालं? ३० नोव्हेंबर १९७९ ला तोकुशिमात अँटोनियो इनोकीने बॉब बॅकलंडला हरवून तोच चॅम्पियनचा बेल्ट घेतला. कंपनीच्या अधिकृत यादीत ती जीत आजही नाही. मी हे लिहितेय तोवर त्या मुख्य बेल्टच्या यादीत एकाही जपानी पुरुषाचं नाव नाही.

आवाज काढून घेतला म्हणते ते शब्दशः खरं आहे. २००० च्या आसपास ताका मिचिनोकू आणि फुनाकी ही जोडी माईक हातात घेऊन उभी राहायची, ओठ हलायचे आणि वरून दुसऱ्याचाच डब केलेला इंग्रजी आवाज यायचा. जुन्या डब केलेल्या सिनेमांची ती टिंगल होती. हा ताका त्या कंपनीचा पहिला लाइट हेवीवेट चॅम्पियन होता, १९९७ साली. वाऱ्यासारखा उडायचा. पुढे फुनाकीचं नाव 'कुंग फू नाकी' केलं. कुंग फू चीनचं आणि माणूस जपानचा, एवढंही कुणी पाहिलं नाही. २०२० मध्ये अकिरा तोझावाच्या मागे काळ्या कपड्यातले निंजा उभे केले. २०२२ मध्ये सॅरे नावाने खेळणाऱ्या मुलीला शाळेचा गणवेश घातला. जपानमध्ये ती अंगावर काटा येईल अशा मॅचेस करायची. ती परत गेली आणि पुन्हा तशाच करायला लागली.

तुझे वस्ताद साडीचं म्हणतात ते म्हणून अगदीच चुकीचं नाही. पण आणखी एक गोष्ट तुला ठाऊक हवी, कारण ती आपल्या लोकांना टोचणारी आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये शिन्सुके नाकामुरा या जपानी रेसलरच्या चेहऱ्याची आणि उच्चारांची टीव्हीवर नक्कल करून त्याला हिणवायचं काम दिलं होतं जिंदर महालला. तोही पंजाबी घरातला, कॅनडात वाढलेला, भारताच्या नावावर चॅम्पियन केलेला. अमेरिकन प्रेक्षकांनीच 'हे फार झालं' अशा घोषणा दिल्या. मी तो भाग बघताना टीव्ही बंद केला होता. तुला उद्या असा कागद कुणाविरुद्ध तरी देतील. स्वतःवरचा अपमान नाकारायची तयारी आपण करतो, दुसऱ्यावरचा वाचून दाखवायला नकार देण्याची तयारी कुणी करत नाही. ती कर.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी तुला फसवलं असं होईल.

२८ जानेवारी २०१८ ला फिलाडेल्फियात रॉयल रंबल, म्हणजे तीस जण एकामागून एक रिंगमध्ये उतरतात ती मॅच, नाकामुराने जिंकली आणि बायकांची पहिलीच रॉयल रंबल असुकाने. एकाच रात्री दोघे जपानी. आमच्या हॉलमध्ये मी आणि ओसाकाची एक मैत्रीण अक्षरशः रडलो. एप्रिलमध्ये रेसलमेनियात, कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोत, दोघेही हरले. असुका ९१४ दिवस अजिंक्य होती, ती मालिकाही तिथंच संपली. मग नाकामुराला व्हिलन केलं आणि प्रश्न विचारला की 'इंग्लिश येत नाही' हेच उत्तर. त्याला चांगलं इंग्रजी येतं. ते त्याने इतकं झकास वठवलं की लोकांना आवडलं, हेही खरं. असुकाने मात्र वेगळा रस्ता काढला. ती माईकवर सरळ जपानीत आरडाओरडा करते, ओसाकाची आहे, तिथली बाई भांडताना जशी बोलेल तशी. भाषांतर नाही, माफी नाही. समोरच्याला शब्द कळत नाही पण भाव पोचतो, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. इयो स्कायने ऑगस्ट २०२३ मध्ये डेट्रॉइटला बेल्ट घेतला, मार्च २०२५ मध्ये रिया रिपलीला हरवून दुसरा घेतला. त्या बेल्टसाठी तिला ना निंजा लागला ना पंखा. दुसऱ्या मोठ्या कंपनीत, एईडब्ल्यूत, बायकांचा पहिलाच बेल्ट २०१९ मध्ये रिहोने जिंकला, चणीने लहानखुऱ्या जपानी मुलीने. म्हणजे गेल्या दहा वर्षांत फरक पडलाय, आणि बायकांनी तो जास्त पाडलाय असं माझं मत आहे.

फरक का पडला हे मात्र नीट समजून घे, कारण इथंच तुझं आणि त्यांचं गणित वेगळं होतं.

काझुचिका ओकादा. आज जगातला एक सर्वोत्तम रेसलर मानतात. २०१० मध्ये त्याला जपानच्या कंपनीने शिकायला इथं, ऑरलँडोतच शो करणाऱ्या टीएनए या अमेरिकन कंपनीकडे पाठवलं. तरुण रेसलरला असं परदेशी पाठवायची त्यांच्यात जुनी पद्धत आहे, 'एन्सेई' म्हणतात. इथं त्याला मॅच देईनात. शेवटी डोळ्यांवर मुखवटा बांधून 'ओकातो' केलं, जुन्या 'ग्रीन हॉर्नेट' मालिकेतल्या कातो नावाच्या नोकरावरून, आणि सामोआ जो या रेसलरच्या मागे उभं केलं. तो जानेवारी २०१२ मध्ये घरी परतला. १२ फेब्रुवारीला ओसाकात हिरोशी तानाहाशीला हरवून तिथला सगळ्यात मोठा बेल्ट घेतला. वय २४, तुझ्याएवढं. बारा वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा अमेरिकेत आला तो एईडब्ल्यूबरोबर, स्वतःच्या नावाने.

केंटा नावाच्या जपानी रेसलरचंही तसंच. इथं त्याला 'हिदेओ इतामी' केलं. त्याने शोधलेला डाव सीएम पंक या अमेरिकन रेसलरच्या नावावर जगाला माहीत झाला होता. दुखापती झाल्या, वर्षं गेली, २०१९ मध्ये त्याने स्वतःहून सुटका मागितली आणि पुन्हा केंटा म्हणून जपानमध्ये उभा राहिला. कैरी सेन २०२० मध्ये घरी गेली, तिकडे नवा बेल्ट जिंकला, २०२३ मध्ये परत आली. या सगळ्यांच्या पाठीशी घर होतं. जपानमध्ये रेसलिंगचा स्वतःचा धंदा आहे, कंपन्या आहेत, दर आठवड्याला तिकीट काढून येणारे लोक आहेत. 'नको' म्हटलं तर जायला जागा आहे, आणि हे अमेरिकन कंपनीला ठाऊक असतं.

तुला तशी जागा कुठली? आपल्याकडे लाल माती आहे, खासबाग आहे, हलगी वाजली की अंगात वारं शिरतं. पण अमेरिकेतून परतलेल्या रेसलरला उभं करणारा धंदा आपल्याकडे नाही. म्हणून रेल्वेची नोकरी सोडू नकोस. बिनपगारी रजा मिळते का ते आधी लेखी विचार. राजीनामा देऊन येशील तर कागद हातात आल्यावर 'नको' म्हणायला तोंड उघडणार नाही. तुझ्या जागी मी असते तर सगळ्यात आधी हेच केलं असतं.

आता करार. रेसलरला इथं कर्मचारी धरत नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार धरतात. रिंगमधल्या दुखापतीचा खर्च मोठ्या कंपन्या करतात, पण साधा ताप, दात, घरच्या माणसाचं आजारपण तुझ्या खिशातून. कराचं रहिवासी स्टेटस आलं की सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) मिळून पूर्ण १५.३ टक्के कर स्वतः भरायचा. जपानचा सामाजिक सुरक्षेबाबत अमेरिकेशी २००५ पासून करार आहे, इकडची वर्षं तिकडे मोजली जातात. भारताशी तसा करार नाही. हा फरक जपानी मैत्रिणींच्या लक्षातही येत नाही, आपल्याला मात्र जाणवतो.

व्हिसा बहुतेक पी-१ किंवा ओ-१, खेळाडू-कलाकारांना मिळतात ते. दोन्ही कंपनीला बांधलेले. ओ-१ वर काम गेलं तर ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, पी-१ ला ती नाही. म्हणून कुठला व्हिसा हे कंपनीला पहिल्याच फोनवर विचार. मुदतीआधी त्यांनीच काढून टाकलं तर परतीचं तिकीट त्यांनी द्यायचं असा नियम आहे, तो मागायला लाजू नकोस. नवरा बरोबर येणार असेल तर त्याला त्या व्हिसावर काम करता येत नाही. वकील स्वतःचा घे, कंपनीचा वकील कंपनीचाच असतो.

आणि नाव. कंपनीने दिलेलं नाव कंपनीच्या मालकीचं राहतं. सोडलंस की ते तिथंच राहणार. तुझ्या नावाने खेळायचं असेल तर सहीआधी बोल, नंतर कुणी ऐकत नाही. पेहरावाचंही तसंच. २०१७ मध्ये बायकांच्या 'मे यंग क्लासिक' स्पर्धेत आपल्याकडची रेसलर कविता देवी सलवार-कमीजमध्ये उतरली, ती स्पर्धा कैरी सेनने जिंकली. कविताने तो वेश मिरवला आणि समोरच्याला डोक्यावर उचलून आपटलं, तेव्हा कुणी हसलं नाही. साडी, लुगडं, फेटा यात काही वाईट नाही. ठरवणारी तू हवीस.

वस्तादांना माझा नमस्कार सांग. हेही सांग की हेलसिंकीत १९५२ साली खाशाबांनी कांस्य घेतलं, त्याच गटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशिईचं होतं. मी कराडची, खाशाबांचं गोळेश्वर आमच्या वेशीवर. जपानी मुलींना हे सांगितलं की त्या खाली वाकून नमस्कार करतात, आणि मग आमचं बोलणं वेगळंच होतं.

आता तुला एक काम देते, हे घे. मोबाईल समोर ठेव आणि दोन मिनिटं कोल्हापुरीत बोल. समोर तुझी प्रतिस्पर्धी आहे असं धर. इंग्रजीचा एक शब्द नको. मला पाठव. मी तो इथल्या एका मुलीला ऐकवणार आहे, जिला मराठी अजिबात येत नाही, आणि तिला काय कळलं ते तुला कळवते.