आधी शीड हातात येऊ द्या

प्रश्न : आम्ही पवनी तालुक्यातल्या पुनर्वसनाच्या गावात रायतो. गोसीखुर्दच्या पान्यात मासेमारी करतो. पोरगा आठवीत हाय, तेरा वर्षं संपत आले. तो माह्यासंगं डोंग्यावर येते. वारा कुठून फिरन ते त्याले माह्या आधी समजते. मोबाईलवर त्यानं शिडाच्या बोटींच्या शर्यती पायल्या. जॉन मेरिक्स नावाच्या इंग्रज खेळाडूच्या आठवणीत होतकरू पोरायले मदत देतात, असंही त्यानं वाचलं. तालुक्याचा कॅफेवाला म्हणते, दोन हजार द्या, फॉर्म भरून देतो. भरू का? अन् या खेळात पोट भरते का?

उत्तर : भाऊ, नमस्कार. ते दोन हजार रुपये देऊ नका. त्या पैशाचा चांगला उपयोग पुढे सांगतो.

तुमच्या मुलानं वाचलं ते खरं आहे. जॉन मेरिक्स हा लेस्टरचा, म्हणजे इंग्लंडच्या ऐन मध्यातल्या, समुद्रापासून लांबच्या शहरातला मुलगा. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये इयन वॉकरच्या जोडीनं त्यानं ४७० या दोघांच्या बोटीत रौप्यपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी इटलीत गाडीच्या अपघातात तो गेला. तेव्हा त्याचं वय होतं २६. मित्रांनी आणि घरच्यांनी त्याच्या नावानं ट्रस्ट काढला. गुण आहेत पण पैसा नाही, अशा तरुण खेळाडूंना तो हात देतो. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पाणपोई घालतात, तसंच हे काम आहे. मला त्याबद्दल फार आदर वाटतो.

पण ही मदत ब्रिटनच्या पोरांसाठी आहे. दुसरं असं की, असे स्मृती पुरस्कार कुठलेही असोत, ते शर्यतीत उतरलेल्यांनाच मिळतात. कोणत्या स्पर्धेत कितवा आला, कोणाच्या हाताखाली शिकतो, पैसे कशासाठी हवेत, हे विचारतात. तुमच्या मुलाजवळ आज यातल्या एकाचंही उत्तर नाही. त्याच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे, तर शीड अजून त्याच्या हातात आलेलं नाही म्हणून. म्हणून आत्ता पुरस्काराचा फॉर्म शोधू नका. जिथं बोट, शीड आणि शिकवणारा माणूस फुकट किंवा थोडक्यात मिळेल, अशी जागा शोधा.

अशी जागा समुद्राकाठीच असते असंही नाही. नेहा ठाकूर ही देवास जिल्ह्यातल्या आमलाताज गावची शेतकऱ्याची मुलगी. भोपाळच्या बड्या तालाबावर नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये ती शिकली आणि २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिनं मुलींच्या आयएलसीए ४ या एकट्यानं चालवायच्या बोटीच्या गटात रौप्यपदक आणलं. या खेळात पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, असं मोजतात. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकतो. एक सगळ्यांत वाईट शर्यत वजा होते. ११ शर्यतींनंतर नेहाचे २७ गुण झाले, तिच्या मागच्या सिंगापूरच्या मुलीचे २८. एका गुणानं पदकाचा रंग ठरला. हे मुलाला नक्की सांगा, कारण मोबाईलवर दिसते ती नुसती उसळती बोट. गुणांचा हा हिशेब त्यात दिसत नाही.

मागच्या हिवाळ्यात त्या तलावाच्या काठावर मी सकाळभर बसलो होतो. लहान मुलांची ऑप्टिमिस्ट नावाची बोट असते. लांबी २.३ मीटर, रिकामी ३५ किलोची, आत एकच पोरगं. वाऱ्याच्या झोतानं एक बोट आडवी झाली. पोरगा पाण्यात पडला. ओरडला नाही, घाबरला नाही. पोहत मागं गेला, बोटीखालून निघालेल्या फळीवर लोंबकळला, हळूहळू बोट सरळ केली आणि आत चढला. मग प्लास्टिकचा कापलेला डबा काढला आणि भराभर पाणी उपसायला लागला. तो डबा दोरीनं बोटीला बांधलेला होता. तुमच्या डोंग्यातही असाच डबा असेल, भाऊ. ते पाहताना मला आपलीच पोरं आठवत होती.

तुमच्या मुलाला वारा कळतो, ही मोठी गोष्ट आहे. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जातच नाही. साधारण ४५ अंश तिरकं जायचं, मग दुसऱ्या अंगाला वळायचं, असं नागमोडी वर चढावं लागतं. कोणत्या बाजूला वारा आधी फिरेल हे ज्याला ओळखता येतं, तो पुढं निघतो. बांबू आणि वल्ह्यानं डोंगा चालवणं वेगळं आणि शीड वेगळं, हे मात्र त्यानं मान्य करावं. त्याचे हात पहिल्या महिन्यात चुकतील.

आता वाटा. पहिली सैन्यदलाची. सेना आणि नौदल भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या साथीनं बॉईज स्पोर्ट्स कंपन्या, म्हणजे खेळाडू मुलांच्या तुकड्या, चालवतात. तिथं निवड झालेल्या मुलाचं राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण सगळं सरकार करतं, आणि वय झाल्यावर निकषात बसला तर नोकरीची वाट खुली होते. शिडाच्या बोटींसाठी नौदलाचं केंद्र गोव्याला आयएनएस मांडवी या तळावर आहे. ऑलिम्पिकला गेलेला विष्णू सरवणन सेनेतलाच. तुमच्या पोटाच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. नुसत्या शर्यतीच्या बक्षिसावर आपल्या देशात कोणाचं घर चालत नाही, पण खेळातून वर्दी मिळाली तर चालतं. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे, ठरावीक दर्जाच्या स्पर्धेत पदक असेल तर.

या कंपन्या लहान वयातच मुलं घेतात. तेरा संपत आले म्हणता, म्हणून दिवाळीनंतर पाहू असं म्हणू नका. निवड चाचणीची जाहिरात येते तेव्हा आठ-पंधरा दिवसच हातात असतात.

दुसरी वाट भोपाळची. नागपूरहून रेल्वेनं सहा-सात तास. ते दोन हजार इथं खर्च करा. बाप-लेक दोघं जा, तिथल्या प्रशिक्षकाला भेटा. बाहेरच्या राज्यातला मुलगा घेता का आणि राहायची सोय काय, हे दोन प्रश्न मात्र निघायच्या आधी फोनवर विचारून घ्या. तिसरी वाट एनसीसीच्या नौदल शाखेची. तिचं युनिट नागपूरला आहे, पण त्यासाठी मुलाला ती शाखा असलेल्या शाळेत घालावं लागेल. नात्यातलं कोणी नागपुरात राहत असेल तरच हिचा विचार करा, नाहीतर खोलीच्या भाड्यातच तुमचं वर्ष जाईल.

यातली कोणतीच वाट लागली नाही तर? मग शाळा आहे. बारावी विज्ञान झालं की नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात पदवी घेता येते. तलाव, बीज, जाळं घरात पाहिलेला मुलगा तिथं उपरा वाटणार नाही. ही पडती बाजू म्हणून सांगत नाही. मला हा रस्ता तितकाच मोलाचा वाटतो. गणित आणि इंग्रजी दोन्हीकडे लागेल. शर्यतीचे नियम इंग्रजीत असतात, आणि कोणी आडवं आलं तर पंचांपुढे तक्रार मांडावी लागते.

तोवर घरी काय करायचं? त्यानं रोज पोहावं, पण धरणात एकट्यानं नाही. नुसतं तरंगणं पुरत नाही, कपडे अंगावर ठेवून अंतर कापता आलं पाहिजे. डोंग्यावर जाताना लाईफ जॅकेट घालायची सवय आतापासून लावा, तुम्हीही घाला. एक वही करू द्या. सकाळी आणि दुपारी वारा कोणत्या दिशेनं होता, कधी फिरला, वैशाखातलं वावधन यायच्या आधी पाणी कसं दिसलं, ते लिहू द्या. प्रशिक्षकाला भेटाल तेव्हा ती वही सोबत न्या. प्रमाणपत्र नसलेल्या मुलाजवळ दाखवायला तेवढंच असतं, आणि चांगल्या प्रशिक्षकाला तेवढंच पुरतं.

आणि एक काम आजच करा. पुनर्वसनात गाव बदललं, शाळा बदलली, तेव्हा कागदांत पुष्कळांच्या तारखा इकडच्या तिकडे झाल्या आहेत. जन्मदाखल्यावरची तारीख, आधारवरची आणि शाळेच्या रजिस्टरमधली, तिन्ही एकच आहेत का ते पाहा. फरक असेल तर मुख्याध्यापकांना भेटून दुरुस्तीचा अर्ज याच आठवड्यात द्या, आणि मला कळवा.