कायदा झाला, पण पैसे कधी? अमेरिकेतल्या परवडणाऱ्या घरांच्या पाठपुराव्याविषयी वाचकांचे प्रश्न

परवडणाऱ्या घरांच्या निधीसाठी वॉशिंग्टनला जाऊन काँग्रेस सदस्यांना, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या लोकप्रतिनिधींना भेटण्याबद्दल मी मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यावर इथल्या मराठी वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतले सहा घेते. मी वीस वर्षं न्यू जर्सीत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरं बांधणाऱ्या एका ना-नफा संस्थेत काम करते. वकील नाही, त्यामुळे कायद्याबद्दल इथे लिहिलेलं ही सर्वसाधारण माहिती समजावी.

प्रश्न (जर्सी सिटी): मी एच-१बी व्हिसावर आहे. लॉबिंग म्हटलं की मला वशिला आणि पाकिटंच आठवतात. नागरिक नसताना मी घरांच्या निधीबद्दल काँग्रेस सदस्याला पत्र लिहिलं तर ते कायदेशीर आहे का?

हो, कायदेशीर आहे. १७९१ साली राज्यघटनेला पहिली दुरुस्ती जोडली गेली. तिच्यात सरकारपुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क ‘लोकांना’ दिलेला आहे, ‘नागरिक’ असा शब्द तिथे नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रतिनिधिगृहाच्या जागा राज्यांमध्ये वाटताना जनगणनेतले सगळे रहिवासी मोजले जातात, फक्त मतदार नव्हे. म्हणजे तुम्ही त्या हिशेबात आहातच.

देणगीचं मात्र वेगळं आहे. एच-१बीवर असलेल्या माणसाला कुठल्याही निवडणुकीसाठी देणगी देता येत नाही, ग्रीन कार्डधारकाला येते. नोंदणीची अट पगारी लॉबिस्टसाठी आहे. १९९५च्या कायद्यानुसार त्यांना आपले ग्राहक आणि विषय जाहीर करावे लागतात, खर्चही दाखवावा लागतो. स्वतःच्या नावाने पत्र लिहिणाऱ्या रहिवाशाला यातलं काही करावं लागत नाही. तुमचा इमिग्रेशनचा अर्ज प्रलंबित असेल आणि मनात धाकधूक असेल, तर आधी तुमच्या वकिलांशी बोला. त्यात कमीपणा काही नाही.

वशिला हा शब्द मला या कामासाठी पटत नाही. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे, पाठपुरावा. तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठी किंवा जिल्हा परिषदेत शाळेच्या खोलीसाठी फेऱ्या मारलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न (फिलाडेल्फियाजवळून): आमचं महाराष्ट्र मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करसवलत असलेली ना-नफा संस्था आहे. घरांच्या प्रश्नावर सिनेटरला पत्र पाठवावं असं काही जणांनी सुचवलं. खजिनदार म्हणतात, करसवलत जाईल, राजकारण नको.

खजिनदारांची काळजी रास्त आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करायला पूर्ण बंदी आहे, तिथे एका डॉलरचीही सूट नाही. कायद्याबद्दल मत मांडायला, म्हणजे लॉबिंगला, मर्यादेत परवानगी आहे.

ती मर्यादा पूर्वी ‘भरीव प्रमाणात नको’ इतकी मोघम होती. १९७६च्या कायद्याने आकड्यांचा पर्याय दिला. फॉर्म ५७६८ हा छोटासा कागद कर खात्याकडे भरला, की संस्थेच्या कामावरच्या वार्षिक खर्चाच्या पहिल्या ५ लाख डॉलरपैकी २० टक्क्यांपर्यंत लॉबिंगवर खर्च करता येतो. समजा मंडळाचा वर्षाचा खर्च दीड लाख डॉलर आहे. मग ३० हजारांपर्यंत मुभा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ७,५०० ‘तुम्हीही सिनेटरला फोन करा’ असं लोकांना सांगण्यावर. शिवाय मोजला जातो तो खर्च. स्वयंसेवकांनी आपल्या वेळात लिहिलेल्या पत्रांचा जवळपास काहीच हिशेब होत नाही. मंदिरांना मात्र हा पर्याय नाही, त्यांना जुनाच मोघम नियम लागू आहे. केंद्र सरकारचं अनुदान मिळत असेल तर त्यातला पैसा या कामी लावू नका.

गणेशोत्सवात काँग्रेस सदस्याला आरतीला बोलवायला हरकत नाही. फक्त त्याच व्यासपीठावरून ‘यांना मत द्या’ असं कुणी म्हणू नये.

प्रश्न (मेरीलँड): बातम्यांत दर थोड्या वर्षांनी ‘ऐतिहासिक गृहनिर्माण कायदा’ मंजूर झाल्याचं वाचते. मग घरं का दिसत नाहीत?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

महाराष्ट्रात आपण नेहमी ऐकतो, ‘पुलाला प्रशासकीय मान्यता मिळाली, निधीची तरतूद नाही.’ वॉशिंग्टनमध्येही तसंच आहे. एक कायदा योजना निर्माण करतो. तिच्यात पैसे घालणारं विनियोजन विधेयक वेगळं असतं आणि ते दरवर्षी नव्याने मंजूर व्हावं लागतं. १९४९च्या गृहनिर्माण कायद्याने प्रत्येक अमेरिकी कुटुंबाला चांगलं घर हे राष्ट्रीय उद्दिष्ट ठरवलं आणि सहा वर्षांत ८,१०,००० सार्वजनिक घरांना मान्यता दिली. पुढे कोरियाचं युद्ध आलं, स्थावर मालमत्तेच्या धंद्यातल्या संघटनांचा विरोध चालूच राहिला, काँग्रेसने वर्षागणिक हात आखडता घेतला. सहा वर्षांत तो आकडा गाठला गेला नाही.

दुसरी गोष्ट कुशिंग डॉल्बेअर या बाईंची. १९७४ साली त्यांनी ‘नॅशनल लो इन्कम हाउसिंग कोअलिशन’ ही संस्था उभी केली. अत्यंत गरीब कुटुंबांच्या घरांसाठी एक असा निधी हवा, जो वार्षिक विनियोजनाच्या दयेवर राहणार नाही, ही त्या संस्थेची वर्षानुवर्षांची मागणी. डॉल्बेअर २००५ मध्ये गेल्या. कायदा जुलै २००८ मध्ये झाला, राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या सहीने. ‘नॅशनल हाउसिंग ट्रस्ट फंड’ स्थापन झाला. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्ज कंपन्यांनी दर १०० डॉलरच्या नव्या व्यवसायामागे ४.२ सेंट बाजूला काढायचे आणि त्यातला मोठा वाटा या फंडाला द्यायचा, अशी रचना होती.

दोन महिन्यांत आर्थिक संकटामुळे त्या दोन्ही कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि पैसे भरणं स्थगित झालं. कायदा जिवंत, तिजोरी रिकामी. कंपन्या पुन्हा नफ्यात आल्या तरी स्थगिती उठेना. संस्थांनी पत्रं, भेटी, खटला, सगळे मार्ग धरले. डिसेंबर २०१४ मध्ये नियामक मेल वॉट यांनी स्थगिती उठवली. राज्यांना पहिले पैसे मिळाले २०१६ साली, सुमारे १७ कोटी ४० लाख डॉलर. कायद्यावर सही झाल्यावर आठ वर्षांनी.

म्हणून ‘विधेयक मंजूर’ ही बातमी वाचली की पुढचा प्रश्न विचारायचा, पैसे कोणत्या समितीकडून आणि कोणत्या वर्षी? दोन्ही सभागृहांत विनियोजनाच्या बारा उपसमित्या आहेत. घरं आणि वाहतूक एकाच उपसमितीकडे असल्याने विमानतळ, रेल्वे आणि गरिबांचं भाडं एकाच ताटात जेवायला बसतं. साधारण मार्च-एप्रिलमध्ये सदस्य आपल्या मागण्या उपसमितीला कळवतात. तुमचं पत्र त्याआधी पोचायला हवं. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि तोवर विधेयक झालं नाही तर जुन्याच आकड्यांवर तात्पुरती मुदतवाढ मिळते. ऐकायला हे निरुपद्रवी वाटतं. पण भाडी वाढत असताना तेच पैसे म्हणजे कमी कुटुंबांना व्हाउचर, म्हणजे भाड्यासाठीची सरकारी मदत.

२०२५चं उदाहरण बघा. परवडणाऱ्या घरांसाठी राज्यांना आणि शहरांना पैसे देणारी ‘होम’ ही १९९० पासूनची योजना, वर्षाला सुमारे सव्वा अब्ज डॉलरची. व्हाइट हाउसच्या प्रस्तावात तिच्यापुढे शून्य होतं. कायदा रद्द केलेला नव्हता, फक्त रकमेच्या जागी शून्य. आमच्या संस्थेच्या दोन इमारतींच्या पायात ‘होम’चे पैसे आहेत. ते शून्य मला आजही खुपतं.

प्रश्न (बे एरिया): रिअल्टर, बिल्डर, बँका कोट्यवधी खर्च करतात. त्यांच्यापुढे आमच्या पत्राचं काय?

खरं आहे. रिअल्टरांची, म्हणजे घरांच्या दलालांची राष्ट्रीय संघटना देशात लॉबिंगवर सर्वाधिक खर्च करणाऱ्यांत नेहमी असते. पण हे पैसेवाले प्रत्येक वेळी आपल्या विरुद्धच उभे असतात असं नाही. कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचं टॅक्स क्रेडिट, म्हणजे अशा घरांत पैसे घालणाऱ्याला करात मिळणारी सूट, १९८६च्या करसुधारणेत आलं. ते बँका विकत घेतात, त्यावर बिल्डर इमारती बांधतात, वकील-हिशेबनीसांची फी सुटते. म्हणून त्याला दोन्ही पक्षांत मित्र आहेत. २०१७च्या करविधेयकात प्रतिनिधिगृहाने घरांसारख्या खासगी प्रकल्पांसाठीचे करमुक्त रोखे (सरकारमार्फत उभारलेलं कर्ज) काढून टाकायचं ठरवलं होतं. त्या रोख्यांवर यातली निम्म्याच्या आसपास घरं उभी राहतात. सगळेजण मिळून धावले आणि अंतिम कायद्यात रोखे वाचले. सिनेटर कँटवेल आणि हॅच यांनी २०१६ साली या क्रेडिटच्या विस्ताराचं विधेयक मांडलं. काँग्रेसच्या दर दोन वर्षांच्या कार्यकाळात ते पुन्हा मांडलं गेलं. त्यातले दोन महत्त्वाचे भाग जुलै २०२५च्या करकायद्यात कायमचे आले. राज्यांच्या वाट्यात १२ टक्के वाढ झाली आणि क्रेडिट मिळण्यासाठी प्रकल्पाच्या खर्चाचा जो भाग रोख्यांतून उभारावा लागतो, त्याची अट ५० टक्क्यांवरून २५ वर आली. नऊ वर्षं लागली.

व्हाउचरला असे श्रीमंत मित्र कमी. तिथे भाडेकरूंनाच उभं राहावं लागतं, आणि ते उभे राहिलेही आहेत. १९६९ साली सेंट लुईसमधल्या सार्वजनिक घरांतल्या रहिवाशांनी, त्यांत बायका मोठ्या संख्येने, महिनोन्‌महिने भाडंबंदी केली, कारण काहींचं निम्म्याहून जास्त उत्पन्न भाड्यात जात होतं. त्याच वर्षाअखेर सिनेटर एडवर्ड ब्रूक यांची दुरुस्ती मंजूर झाली आणि भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर थांबलं. १९८१ मध्ये ते ३० टक्के झालं. आज देशभर जे ‘तीस टक्के’ ऐकू येतात, त्यांच्या मुळाशी ती दुरुस्ती आहे.

आता पत्राबद्दल. माझ्या पहिल्या वॉशिंग्टनभेटीत मी घरटंचाईवर पंचवीस मिनिटं बोलले. समोरच्या तरुण सहायकाने शांतपणे विचारलं, ‘तुमची मागणी काय आहे?’ माझ्याकडे वाक्य तयार नव्हतं. तेव्हापासून मी पहिल्याच ओळीत मागणी लिहिते, योजनेचं नाव आणि रक्कम घालून. दुसऱ्या ओळीत मतदारसंघातलं एक खरं घर. नागपूरहून आलेल्या माझ्या मावशींना ज्या नर्सिंग एडने दोन महिने सांभाळलं, ती दोन बस बदलून येत होती, कारण आमच्या गावात तिला परवडेल असं भाड्याचं घर नव्हतं. एवढं पुरतं. कागदी पत्र कॅपिटॉलला पाठवू नका. २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्स आल्यापासून ते तपासणीत अडकतं. ईमेल करा, किंवा त्याहून बरं, स्थानिक कार्यालयात जा. ऑगस्टच्या सुट्टीत सदस्य घरी असतात, तेव्हा त्यांना एखादी राहती इमारत दाखवा. भाडेकरूच्या स्वयंपाकघरात बसलेला सदस्य ती योजना विसरत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

प्रश्न (एडिसन): आई-बाबा ग्रीन कार्डवर आले, वय ७१ आणि ६८. ज्येष्ठांच्या सवलतीच्या घरासाठी नाव लावायला गेलो तर यादीच बंद. याचा आणि लॉबिंगचा काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. तुम्ही बहुधा सेक्शन २०२च्या इमारतीत गेला होतात. ही योजना १९५९ची, ६२ वर्षांवरच्या, फार कमी उत्पन्नाच्या व्यक्तींसाठी. ग्रीन कार्डधारक तिला पात्र असतात. पण २०१२ पासून काही वर्षं काँग्रेसने नव्या बांधकामासाठी पैसेच दिले नाहीत. ज्येष्ठांच्या संस्थांनी चिकाटी धरली तेव्हा ते पुन्हा थोडे सुरू झाले. त्या वर्षांत न बांधलेल्या इमारतींची उणीव तुमच्या आई-बाबांना आज भासते आहे. एकूणच केंद्राच्या भाडे-साहाय्याला पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच ते मिळतं.

एकाच यादीवर थांबू नका. शेजारच्या काउंटींतही नाव लावा, टॅक्स क्रेडिटवर बांधलेल्या ज्येष्ठांच्या इमारतींत वेगळी विचारणा करा, आणि पत्ता बदलला तर प्रत्येक ठिकाणी कळवा. पत्त्यावरून नाव कापलं गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, त्यांना पुन्हा तळाशी जावं लागलं.

प्रश्न (मध्य न्यू जर्सी): आमच्या टाउनशिपमध्ये परवडणाऱ्या घरांची इमारत येते आहे. मराठी शेजारीही विरोधात सह्या गोळा करताहेत, शाळा आणि ट्रॅफिकच्या नावाने. मला ते पटत नाही, पण वाईटपणा घ्यावा का?

घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. वॉशिंग्टनहून क्रेडिट आलं तरी जमीन आणि परवानगी गावातच मिळते. न्यू जर्सीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ आणि १९८३च्या माउंट लॉरेल निकालांमुळे प्रत्येक गावावर आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ देण्याची जबाबदारी आहे. मार्च २०२४च्या कायद्याने पुढच्या दहा वर्षांसाठी ती नव्याने ठरवली. त्यामुळे ‘इथे नको’ म्हणून ती जबाबदारी जात नाही. फक्त कोर्टकचेरीत वर्षं जातात, आणि तेवढ्यात क्रेडिटची मुदत संपून प्रकल्प बुडू शकतो.

शाळेची काळजी करणाऱ्या शेजाऱ्यांवर चिडू नका. मुलांच्या शिक्षणासाठीच ते या गावात आले आहेत. किती घरं, किती बेडरूमची, किती मुलं अपेक्षित, हे आराखड्यातून काढून त्यांच्यापुढे ठेवा. या घरांत राहायला येणारी माणसं कोण, तेही सांगा. त्याच शाळेतला बसचालक, किराणा दुकानातली कॅशियर, आपल्याच ओळखीतले, नोकरी गेल्याने घर सोडावं लागलेले कुणीतरी.

नियोजन मंडळाच्या जाहीर सुनावणीत नाव आणि पत्ता सांगून कुणालाही बोलता येतं. वेळ बहुधा तीन मिनिटं असतो. बाजूने बोलणारे अशा सुनावणीला फारसे येतच नाहीत, त्यामुळे मंडळाला सभागृहात फक्त विरोध ऐकू येतो. शेजाऱ्यांना आधी घरी चहाला बोलवून सांगा की तुम्ही बाजूने बोलणार आहात, म्हणजे ते त्यांना सभेत पहिल्यांदा कळणार नाही. आणि शक्य झालं तर आणखी एका मराठी कुटुंबाला सोबत न्या.