'पांढऱ्या पेशी कमी झाल्यात' म्हणजे नेमकं काय कमी झालं?

राजारामपुरीतल्या एका वाचकांनी विचारलंय: घरात डेंग्यूचा पेशंट आहे. येणारा-जाणारा विचारतो, 'पांढऱ्या पेशी किती आल्या?' आणि आम्ही सांगतो, 'चाळीस हजार.' पण रिपोर्टात पांढऱ्या पेशींपुढं 3 हजार लिहिलंय, चाळीस हजार आहेत ते प्लेटलेटपुढं. मग चुकतंय कोण?

रिपोर्ट बरोबर आहे, बोलणं चुकतंय. एक मिलिमीटर लांब, रुंद आणि उंच एवढ्याशा रक्तात साधारण 45 ते 50 लाख तांबड्या पेशी, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट आणि जेमतेम 4 ते 11 हजार पांढऱ्या पेशी असतात. पांढऱ्या खरंच चाळीस हजार आल्या, तर डॉक्टर 'कमी' नव्हे, 'फार वाढल्यात' म्हणतील आणि वेगळ्याच आजाराचा शोध घेतील.

घोटाळा का झाला असावा? एक तर डेंग्यूत दोन्ही घटतात. शिवाय तांबडा आणि पांढरा म्हटलं की कोल्हापूरकराच्या लेखी जेवण पूर्ण. तिसरी वाटी कोण मागतंय! प्लेटलेटची पिशवी फिक्कट पिवळसर दिसते, तेव्हा तांबडं नाही ते पांढरं, असा हिशेब झाला असावा. हा अर्थात माझा अंदाज.

मुळात प्लेटलेटला 'पेशी' म्हणणंही सैलच आहे. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडातल्या मगजात, काही थोराड पेशी असतात. त्यांचे तुकडे तुटून रक्तात येतात, त्या प्लेटलेट. आयुष्य आठ-दहा दिवसांचं. तांबडी पेशी 120 दिवस टिकते. शाळेच्या पुस्तकातला 'रक्तपट्टिका' हा शब्द म्हणून चांगला, त्यात पेशी नाही. (मटणाची नळी ठोकून मगज काढणाऱ्यांसाठी: मोठ्या माणसाच्या हातापायांच्या लांब हाडांत बहुतेक चरबीच उरते. रक्त तयार होतं ते मुख्यतः छातीचं हाड, बरगड्या, मणके आणि कमरेच्या हाडांत.)

'तांबड्या' पेशींचीही एक गंमत आहे. तांबडा हा शब्द ताम्र म्हणजे तांब्यावरून आला, पण आपल्या रक्ताला रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये असतं लोखंड. तांब्यावर चालणारं रक्त खेकड्याचं, आणि ते निळसर असतं! 'रक्त' शब्दाला धातूशी देणंघेणं नाही. संस्कृतात त्याचा अर्थ 'रंगलेलं'. आरक्त, अनुरक्त, विरक्त ही सगळी त्याच घरातली.

प्लेटलेटचं काम सांगायला मात्र मराठीत नेमकं क्रियापद आहे. पाणी गोठतं, तूप थिजतं, रक्त साकळतं. कापलं की प्लेटलेट फाटलेल्या जागी चिकटून थर धरतात, मग रक्तद्रवातल्या एका प्रथिनाचे धागे होऊन त्यांच्याभोवती जाळं विणलं जातं. वाळलं की वर खपली. आपल्याकडं रक्ती करतात ती याच साकळलेल्या रक्ताची. 'रक्त गोठलं' बरेच जण म्हणतात, चालतंही. पण ते ऐकून मला भीतीनं गोठलेलंच आठवतं.

तेव्हा फोनवर सांगताना सरळ 'प्लेटलेट चाळीस हजार' म्हणा. शब्द इंग्रजी असला तरी आता घरोघरी रुळलाय. आणि पलीकडून 'म्हणजे पांढऱ्या पेशीच ना?' आलं, तर 'नाही, त्या तीन हजार' एवढंही सांगून टाका.