घोडा-ट्रेलर जोडताना

न्हावा शेवाहून बोरघाट चढायचा असेल तर घोडा, म्हणजे पुढचं इंजिनवालं डोकं, ट्रेलरला जोडल्यावर लगेच निघू नकोस, बाळा. ‘खट्’ आवाज आला म्हणजे लॉक लागला, असं नवीन पोरं धरून चालतात. मीही चालायचो. ट्रेलर जरा उंच राहिला की किंगपिन, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भागाखालची जाड पिन, घोड्यावरच्या प्लेटमधल्या तिला पकडणाऱ्या जबड्याच्या वरच टेकते, आणि वरून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. म्हणून टॉर्च घेऊन खाली वाक, कपडे मळू देत. प्लेट आणि ट्रेलर यांच्यात फट नको. मागून बघ, दोन इंची पिनच्या गळ्याला जबडा पूर्ण मिटलाय का. जबड्याच्या लॉकचं हँडल आत गेलेलं, त्याची सेफ्टी क्लिप लावलेली हवी.

मग ट्रेलरचा ब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढ. दोनदा. घोडा सुटायचाच असेल तर यार्डात सुटू दे. लँडिंगचे पाय, म्हणजे सुटा ट्रेलर पुढून ज्यांवर उभा राहतो ते, मात्र ही ओढ झाल्यावरच वर घे. आधी घेतलेस आणि पिन सुटली, तर ट्रेलर नाकावर आपटलाच म्हणून समज.

हवेचे पाइप, लाइटची केबल वळणावर ताणत नाहीत ना, तेही पाहा. इंजिन बंद करून कान दे, गळती फुसफुसते. चहाला थांबलास की पुन्हा एकदा हँडल बघ. गाडी उभी असताना कोण काय ओढून जाईल, सांगता येत नाही.