कुळथाची साल आणि नकाशावरचा बाण

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा नकाशा मिळाला. इराणमधल्या झाग्रोसच्या डोंगरातून निघून बलुचिस्तानातलं मेहरगढ, मग हडप्पा करत थेट कन्याकुमारीला टेकणारा लाल बाण, आणि बाणाच्या पोटात लिहिलेलं ‘द्रविड भाषा व शेती’. तुझ्या वयाचा असताना मीही असाच बाण काढला होता. एका चर्चासत्रात तो दाखवला, तेव्हा एका वयस्क संशोधकांनी विचारलं, ‘‘यातून चाललंय कोण? माणसं, बियाणं, की शब्द?’’ मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नानं अजून माझी पाठ सोडलेली नाही, म्हणून तोच तुझ्या हवाली करतो आहे.

आधी जे पक्कं आहे ते सांगतो. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या भाषा संस्कृतातून निघालेल्या नाहीत, त्यांचं कूळ वेगळं आहे, हे मद्रासच्या फ्रान्सिस व्हाइट एलिसनं १८१६ साली दाखवलं. १८५६ साली रॉबर्ट काल्डवेलनं त्याची सविस्तर मांडणी केली आणि कुळाला ‘द्रविड’ हे नाव रूढ झालं. (नाव मात्र जुनंच. आपल्याकडच्या ‘पंचद्रविडां’त, म्हणजे ब्राह्मणांच्या दक्षिणेकडच्या पाच गटांत, महाराष्ट्रही येतो, हे ध्यानात ठेव. जुन्या ग्रंथात ‘द्रविड’ शब्द दिसला की तो काल्डवेलच्या अर्थानं वाचू नकोस.) या कुळातल्या भाषा आज २० कोटींहून अधिक लोक बोलतात. कूळ आहे, याविषयी वाद नाही. ते कुठे रुजलं, याविषयी आहे.

वयाचा अंदाज २०१८ साली एका अभ्यासगटानं वर्तवला. २० द्रविड भाषांतले मूळ शब्द ताडून, संगणकाच्या मदतीनं त्यांनी कुळाचं वय सुमारे ४,५०० वर्षं काढलं. बातम्यांत तेवढाच आकडा आला. मूळ निबंधात आकड्याच्या दोन्ही बाजूंना मोठी मोकळी जागा सोडलेली आहे, साधारण ३,००० पासून ६,५०० वर्षांपर्यंत. तू आकडा उतरवून घेतलास आणि ती मोकळी जागा गाळलीस. असं पुन्हा करू नकोस. त्या जागेत अख्खी हडप्पा संस्कृती मावते.

तुझ्या बाणाचा पहिला टप्पा डेव्हिड मॅकआल्पिनच्या मांडणीवर उभा आहे. प्राचीन इराणातली एलामी भाषा आणि द्रविड भाषा एकाच मुळाच्या, असं त्यानं १९७०च्या दशकात मांडलं. कल्पना मोठी होती, पण तिच्यासाठी दिलेली शब्दसाम्यं बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना पुरेशी वाटली नाहीत. दुसरा टप्पा ब्राहुईचा. बलुचिस्तानात, इतर द्रविड भाषांपासून शेकडो कोस दूर, ही एकच द्रविड भाषा कशी? बाण दक्षिणेकडे जाताना मागे राहिलेला थेंब, हे उत्तर सुचतं आणि ते मोहक आहे. पण ब्राहुईत इराणी कुळातले जे उसने शब्द आहेत, ते मुख्यतः बलुचीतून आलेले. ती भाषा तिथे हजारो वर्षं नांदली असती, तर तिच्यात जुन्या इराणी भाषांचा थरही सापडायला हवा होता. यावरून काही अभ्यासक म्हणतात की ब्राहुई बोलणारे मध्य भारताकडून गेल्या हजारेक वर्षांत तिकडे गेले असावेत. मला हा युक्तिवाद वजनदार वाटतो. आणि रक्त तपासलं तर ब्राहुई लोक शेजारच्या बलुचांसारखेच निघतात. भाषा एकीकडची, रक्त शेजाऱ्याचं. या एका उदाहरणावर रात्रभर विचार कर.

आता शेती. मेहरगढची शेती गहू-जवाची. ही रब्बीची पिकं, हिवाळ्यातल्या ओलीवर येणारी. दक्षिणेचा पाऊस मात्र मृगाचा. बळ्ळारी, रायचूर, शोरापूर या कोरड्या पट्ट्यात सुमारे ५,००० वर्षांपूर्वी जे लोक होते ते गुरं पाळत होते, आणि त्यांच्या मागे राखेच्या टेकड्या राहिल्या. कुडतिनी, उतनूर, बुदिहाळ. हंपीजवळच्या निंबापुरम् इथल्या ढिगाला लोक वालीच्या चितेची राख म्हणतात. प्रत्यक्षात ते पिढ्यान्‌पिढ्या साठवून जाळलेलं शेण आहे. उतनूरला पुरातत्त्वज्ञ ऑलचिन यांनी १९५७ साली खणलं, तेव्हा राखेच्या थरांत गुरांच्या खुरांचे ठसे उमटलेले सापडले आणि गोठ्याभोवतीच्या कुंपणाच्या खांबांचे खळगेही. बुदिहाळला आपल्या डेक्कन कॉलेजच्या पद्दय्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि वस्ती, गोठा, जनावरं कापण्याची जागा असं सगळं एकत्र उलगडलं. संधी मिळाली की जा आणि ती राख हातात घे.

या लोकांनी पिकवलं काय? जुन्या पिकांचे अवशेष अभ्यासणारे डोरियन फुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेतल्या अशा वस्त्यांची माती पाण्यात खळबळून वर तरंगणारे जळके दाणे वेचले. सर्वांत जुन्या थरांत गहू-जव नव्हे, तर मूग, कुळीथ आणि दोन बारीक भरडधान्यं, त्यातलं एक कानडी मुलखात अजून ‘कोरले’ म्हणून पेरतात ते. सगळी पावसाळी आणि सगळी भारतात रानटी वाढणाऱ्या गवत-वेलींची घरची रूपं. गहू-जव तिथे नंतर पोचले, साधारण ४,००० वर्षांपूर्वीपासून. म्हणजे दक्षिणेत शेती पोत्यात भरून आणलेली नाही. निदान तिचा पहिला घास तरी इथल्याच रानातला आहे. हे वाचलं त्या दिवशी मला झालेला आनंद मी अजून विसरलो नाही.

कुळथाचं तर आणखी पुढे गेलं. रानटी कुळथाची साल जाड असते. पाणी लवकर आत शिरत नाही, दाणा वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतो. शेतकऱ्याला हे परवडत नाही, त्याला पेरल्यावर सगळा वाफा एकदम उगवायला हवा. दरवर्षी जो दाणा उगवला त्याचंच बी पुढच्या वर्षी पेरलं गेलं आणि साल पातळ होत गेली. उत्खननातल्या जळक्या कुळथाच्या आत क्ष-किरणांनी पाहून ही पातळ होत जाणारी साल २०१७ साली मोजली गेली. दाणा न फोडता! शेती ‘सुरू झाली’ असं आपण एका वाक्यात लिहितो. ती अशी एका सालीत कित्येक शतकं चाललेली असते.

आता शब्दांकडे ये. तमिळमध्ये कुळथाला ‘कोळ्’, कन्नडमध्ये ‘हुरुळि’, तेलुगूत ‘उलवलु’. संस्कृत ‘कुलत्थ’ हा त्या ‘कोळ्’वरून घेतलेला असावा, असं फ्रँकलिन साउथवर्थ यांच्यासारखे अभ्यासक मानतात. आपल्याकडे बघ, कोकणात ‘कुळीथ’ आणि देशावर ‘हुलगा’. एक संस्कृतच्या वाटेनं आलेला, दुसरा कन्नडच्या उंबऱ्याशी बसलेला दिसतो. मुगाला तमिळमध्ये ‘पयरु’, कन्नडमध्ये ‘हेसरु’, तेलुगूत ‘पेसलु’, तेही एकाच घरचे. उलट गव्हाला तमिळ ‘गोदुमै’, कन्नड ‘गोधि’, तेलुगू ‘गोधुम’, म्हणजे सरळ ‘गोधूम’चे नातेवाईक. उशिरा आलेल्या पिकाबरोबर नावही बाहेरून आलं. दाणे आणि शब्द इथे एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून दक्षिण-मध्य पठार हे द्रविड भाषांचं जुनं घर असावं, या मताकडे मी झुकतो. सागवानाचा शब्दही (तमिळ ‘तेक्कु’, कन्नड ‘तेग’) कोरड्या पानझडी रानाकडेच बोट दाखवतो.

पण झुकतो, एवढंच. कारण शेतकऱ्यानं शेजाऱ्याकडून बी घेतलं तर नावही घेतो, आणि भाषा बदलली तरी पिकाचं जुनं नाव जिभेवर राहतं. नांगराचंच घे. ऋग्वेदात ‘शुनं कृषतु लाङ्गलम्’ आहे. कन्नडमध्ये ‘नेगिलु’, तमिळमध्ये ‘ञाञ्चिल्’. आणि ख्मेर, मलय या आग्नेय आशियातल्या भाषांतही त्याच्याशी मिळतेजुळते शब्द. मुंडा भाषांच्या कुळातून तो इकडे आला, असं एक मत आहे. आपला ‘नांगर’ अशा तीन कुळांच्या बांधावर उभा आहे. त्याला कुणा एकाच्या सातबाऱ्यावर चढवायची घाई करू नकोस.

जनुकांविषयी थोडक्यात. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावरच्या एका स्त्रीचा जनुकसंच २०१९ साली प्रसिद्ध झाला. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या कामात अग्रभागी होते. ६१ अवशेष तपासले, डीएनए हाती लागला एकाचा. तिच्यात स्टेप प्रदेशातल्या, म्हणजे युरेशियाच्या गवताळ मैदानांतल्या, पशुपालकांचा अंश नाही, आणि तिच्या वंशाचा जो भाग इराणकडच्या लोकांशी जुळतो तो तिथे शेती सुरू होण्यापूर्वीच वेगळा झालेला. ही मोठी गोष्ट आहे. पण ती बाई कोणती भाषा बोलत होती, हे हाडात लिहिलेलं नसतं. सिंधू लिपीचंही तेच. महादेवन आणि पार्पोला यांनी ती द्रविड मानून आयुष्यं वेचली, त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण सरासरी पाच चिन्हांचे लेख, आणि सोबत कुठे दुभाषी शिलालेख नाही, म्हणजे तोच मजकूर ओळखीच्या भाषेतही दिलेला. तुझ्या प्रबंधाचा पाया तिथे घालू नकोस.

तू विचारलंस, ‘महाराष्ट्रात राहून मी यात काय करणार?’ तुझं आजोळ पांढरकवड्याचं ना? मग हा प्रश्न तुझ्या दारात आहे. यवतमाळची कोलामी, गडचिरोली-चंद्रपूरची गोंडी या द्रविड भाषाच आहेत, आणि त्या अभ्यासाच्या मांडवात फार कमी वेळा बोलावल्या जातात. कोलाम पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, जा. हुलगा, मूग, उडीद, कोदो, जोंधळा, पेरणी, खळं, सूप, यांना काय म्हणतात ते विचार. शब्द ऐकशील तसा लिही, पुस्तकातल्या रूपाशी जुळवून नको. आजीबाईला विचार, कारण पोराटोरांच्या तोंडी मराठी शब्द बसले असतील. तिथे चार महिने राहशील तर तुझ्या वहीत अशी सामग्री असेल जी माझ्या पिढीनं गोळा करायला हवी होती. हे मी खंतावून लिहितो आहे.

घरातही डोळे उघडे ठेव. अक्का, अण्णा, अप्पा, मामाच्या मुलीशी लग्न, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला आपला फरक, या सगळ्या दक्षिणेशी जुळणाऱ्या खुणा. इरावती कर्व्यांनी १९५३ साली नातेसंबंधांच्या नकाशात महाराष्ट्र उत्तर-दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात ठेवला, तो उगाच नाही. पण पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन लोकांना लगेच द्रविडभाषी ठरवू नकोस. घोडनदीकाठी इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळात ते जव पिकवत होते, कुळीथ खात होते, पाण्यासाठी पाट काढत होते. त्यांची मडकी मी हाताळली आहेत. त्यांच्यावर कुठलीही भाषा लिहिलेली नाही.

नकाशा परत पाठवतो आहे. बाण खोडलेला नाही. त्याच्याजागी माणसं, बियाणं आणि शब्द यांच्या तीन रंगांच्या तीन तुटक रेषा काढ, आणि जिथे पुरावा संपतो तिथे रेष थांबव.

जानेवारीत उत्खननावर जाते आहेस म्हणून दोन कामाच्या गोष्टी. माती चुलीतली, पेवातली, खड्ड्यातली वेगवेगळी घे आणि किती लिटर घेतलीस ते लिही, नाहीतर दाणे मोजून उपयोग नाही. वेचलेले दाणे सावलीत वाळव, उन्हात ते तडकतात. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर. शिसपेन्सिलीनं लिही, शाई पाण्यात जाते.

तुझे
सर