आठव्या महिन्यात बीपी 160/110, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढे काजवे चमकतात, सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

नाही, आत्ताच हॉस्पिटल गाठा. एवढ्या बीपीत असं होणं म्हणजे मेंदूवर ताण येतोय, सूज येऊ शकते, मग फिट येते त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि कधीकधी मेंदूत रक्तस्रावपण होतो. फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात, 2002 च्या मॅगपाय ट्रायल नावाच्या मोठ्या औषध-चाचणीत त्याने फिटचा धोका निम्म्यावर आला होता, बीपी उतरवायला लॅबेटालॉल वगैरे औषधं वेगळी. काहींना तात्पुरतं दिसेनासंच होतं, बहुतेकदा नजर परत येते. आणि डिलिव्हरी झाली की सुटलो असं नाही हं, फिट नंतरही येते, त्यामुळे बाळंतिणीचं डोकं दुखलं की जागरण झालंय म्हणून बाम चोळत बसू नका. वाटेत फिट आलीच तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा नको, कांदा-चप्पल तर मुळीच हुंगवू नका.