वाचक विचारतात : दाऊइनचा राखीव समुद्र

प्रश्न : फिलिपिन्समधल्या एका छोट्या नगरपालिकेने समुद्राचा तुकडा मासेमारीला बंद केला आणि आसपास मासळी वाढली, असे ऐकले. समुद्रावर नगरपालिकेचा हक्क कसा? आणि हे आमच्या मांजरा धरणात जमेल का?
– एक वाचक, केज

उत्तर : तुम्ही ऐकले ते दाऊइनबद्दल असावे. नेग्रोस बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, दुमागेते शहराच्या दक्षिणेला ही नगरपालिका आहे. तिकडची नगरपालिका म्हणजे केवळ शहर नव्हे. आसपासची खेडीही तिच्यातच येतात. या खेड्यांना बारांगाय म्हणतात. महापौर आणि आठ नगरसेवक थेट निवडून येतात, मुदत तीन वर्षांची. समोरच्या समुद्रातले आपो हे छोटे बेटही दाऊइनचेच एक बारांगाय आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या बेटावर आहे.

हक्काचे म्हणाल तर 1998 च्या मत्स्य कायद्यानुसार किनाऱ्यापासून 15 किलोमीटरपर्यंतचे पाणी नगरपालिकेचे. तिथे कोणी, कोणत्या साधनाने मासे धरायचे हे नगरपालिका ठराव करून ठरवते. तीन टनांपर्यंतच्या होड्या स्थानिक मच्छीमारांच्या मानल्या जातात. त्याहून मोठ्या व्यापारी बोटींना हे पाणी साधारणपणे बंद असते. समोरासमोरच्या दोन नगरपालिकांमधले अंतर 30 किलोमीटरपेक्षा कमी असेल तर हद्द मधोमध धरतात. राखण करायला ‘बांताय दागात’ ही गस्त असते. तिच्यात मच्छीमारच असतात, त्यामुळे कोणाची होडी कुठली हे त्यांना लांबूनच कळते.

आपोवर 1982 पासून दुमागेतेच्या सिलिमन विद्यापीठाच्या मदतीने प्रवाळाचा सुमारे दहावा हिस्सा पूर्ण बंद ठेवला गेला. उरलेल्या भागात गळ, जाळे, पिंजरा चालतो; सुरुंग आणि सायनाइड चालत नाही. सुरुंगाने माशाची हवेची पिशवी फुटते, कितीतरी मासे तळाला जाऊन वाया जातात आणि प्रवाळाचा चुरा होतो. तो भरून यायला दशके लागतात. होड्यांचा नांगरही प्रवाळ मोडतो, म्हणून नांगर टाकण्याऐवजी होडी तरंगत्या पिंपाला बांधणे बरे. त्या पिंपाचा दोर मात्र वरचेवर पाहावा लागतो, कारण त्यावर शेवाळ आणि शिंपले चढून तो जड होतो आणि घासून तुटतो.

बंद तुकड्यातला मासा मरत नाही, म्हणून मोठा होतो. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पट अंडी देते. तुकडा भरला की मासे हद्द ओलांडून बाहेर येतात आणि हद्दीलगत टाकलेल्या गळाला लागतात. याला धीर लागतो. आपोवर मोठे शिकारी मासे दहा-पंधरा वर्षे वाढतच होते.

राखण सुटली तर काय होते, याचा दाखला शेजारच्या सुमिलोन बेटावर आहे. तिथे 1974 मध्ये बंदी आली, दहा वर्षांनी ती मोडली आणि राखीव भागातही मासेमारी सुरू झाली. धरायला जागा वाढली, तरी दीड वर्षात एकूण मासळी निम्म्याहून खाली आली. बंदीचा याहून चोख पुरावा सापडणे कठीण. बंदीने सगळेच वाचते असेही नाही. 2011 आणि 2012 च्या डिसेंबरमधल्या वादळांनी आपोचा राखीव प्रवाळच मोडून टाकला.

आता मांजरा. आपोची नक्कल तिथे जशीच्या तशी चालणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रवाळातले बरेच मासे जन्मभर काही शे मीटरांत राहतात, म्हणून छोटा तुकडाही पुरतो. राहू आणि कटला धरणभर फिरतात. शिवाय साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात पूर आला की नदीच्या प्रवाहात वर चढतात. आणि आपले पाणी हटते. 2016 मध्ये मांजरा कोरडे पडले, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. काठाजवळ आखलेला राखीव तुकडा मार्चपर्यंत उघडा पडला तर त्यात काय राखणार?

त्याऐवजी तीन गोष्टी धरा. धरणात जिथे नदी येऊन मिळते तो वरचा भाग जून ते ऑगस्ट बंद ठेवा. चढणारा मासा तिथेच जाळ्यात सापडतो आणि पोटातल्या अंड्यांसह जातो. बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडताना 100 मिलिमीटरपेक्षा लहान घेऊ नका, नाहीतर ती मरळीच्या पोटात जाते. जाळ्याचे आस, म्हणजे भोकांचा आकार, असे ठेवा की किलोच्या आतला मासा निसटेल. बारीक जाळे सर्वांत जास्त नुकसान करते, कारण पुढच्या वर्षीचा माल त्यात आजच विकला जातो.

दाऊइनकडून घेण्यासारखी गोष्ट राखणीची आहे. गस्तीत मासे धरणाऱ्यांनाच घ्या आणि दंड किती, तो कोण वसूल करणार, हे तुमच्या मच्छीमार संस्थेच्या सभेत आधी ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवा. धरणातल्या मासेमारीचा ठेका दुसऱ्याचा असेल तर आधी ठेकेदाराशी लेखी बोला, कारण त्याच्या संमतीशिवाय वरचा भाग बंद ठेवता येणार नाही.